ताई, ही थर्ड पार्टी पॉलिसी नक्की कुणासाठी असते ते आधी बघू

या वेळचं पत्र एका ताईंचं आहे. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं:

"मोठ्या दिरांनी त्यांची अकरा वर्षं जुनी पेट्रोल गाडी (११९७ सीसी) दोन महिन्यांपूर्वी आम्हाला विकली. पैसे देऊन झालेत पण आरसी आणि इन्शुरन्स अजून त्यांच्याच नावावर आहे. इन्शुरन्स फक्त थर्ड पार्टी आहे. मागच्या आठवड्यात रस्त्याच्या कडेला रिव्हर्स घेताना मी मागे उभ्या असलेल्या गाडीवर आदळले, तिचा हेडलाइट फुटला, बॉनेटला पोचा आला आणि माझा मागचा बंपर फाटला. कंपनीला फोन केला तर म्हणाले तुमच्या बंपरचं काहीच मिळणार नाही. मग आपण पैसे भरतो कशाला? आमचे हे म्हणतात की थर्ड पार्टी म्हणजे पोलिसांना दाखवायचा कागद, महिन्याभरात संपतोय तर सावकाश रिन्यू करू, गाडी तशीही रोज निघत नाही. मी फुल इन्शुरन्स घेऊ का? आणि सासूबाई कायम गाडीत असतात, त्यांना काही लागलं तर थर्ड पार्टीत मिळतं का? समोरचे गाडीवाले सात हजार मागतायत ते वेगळंच."

ताई, सगळ्यात आधी रिन्यूअलचं सांगते कारण बाकी प्रश्न आठ दिवस थांबले तरी चालतील पण हा नाही. पॉलिसी संपायच्या आधी रिन्यू करा, ती संपल्यावर एक दिवससुद्धा गाडी रस्त्यावर काढू नका, अगदी कोपऱ्यावर जाऊन यायचं असेल तरी नको. तुमच्या मिस्टरांना हे का पटावं ते खाली सांगते, त्यांनाही वाचायला द्या.

थर्ड पार्टी या शब्दातच सगळी गंमत आहे. करारातली पहिली पार्टी म्हणजे गाडीचे मालक, दुसरी विमा कंपनी आणि तिसरी म्हणजे या दोघांना सोडून बाहेरचा जो कुणी तुमच्या गाडीमुळे जखमी होईल किंवा ज्याच्या वस्तूचं नुकसान होईल तो. रस्ता ओलांडणारे आजोबा, सायकलवरची मुलगी, बाइकवाला, समोरची गाडी, एखाद्या दुकानाचं शटर, हे सगळे तिसरे. ही पॉलिसी त्यांच्यासाठी आहे. तुमच्या गाडीने त्यांचं नुकसान केलं की कायद्याने भरपाई द्यायची जबाबदारी तुमच्यावर येते आणि ती जबाबदारी तुमच्या वतीने कंपनी उचलते, यासाठी आपण पैसे भरतो. तुमचा बंपर हा तुमचाच, म्हणजे पहिल्या पार्टीचा, म्हणून कंपनीने नाही म्हटलं आणि यात त्यांनी तुम्हाला फसवलेलं नाहीये. गाडी चोरीला गेली, जळली, पुरात बुडाली, झाड पडलं तरी याच पॉलिसीवर उत्तर हेच येणार. लोक फुल इन्शुरन्सला "फर्स्ट पार्टी" म्हणतात ना, ते यामुळेच, त्यात तुमच्या स्वतःच्या गाडीचा भाग जोडलेला असतो. पण त्या फुलमध्येही थर्ड पार्टीचा भाग असतोच, तो काढून टाकता येत नाही, कारण मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १४६ प्रमाणे थर्ड पार्टी विमा नसताना सार्वजनिक ठिकाणी गाडी चालवणं हाच गुन्हा आहे. आपल्या आवडीनिवडीचा तो विषयच नाही.

आता पोलिसांना दाखवायच्या कागदाबद्दल. दंड आहे, खोटं नाही. १ सप्टेंबर २०१९ पासून विमा नसताना पहिल्यांदा सापडलात तर २,००० रुपये किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, पुन्हा सापडलात तर दंड ४,०००. पण खरी भीती या दोन हजारांची नाहीच. मी बरीच वर्षं अपघाताच्या दाव्यांच्या फायली हाताळल्यात म्हणून एक हिशोब तुमच्यासमोर मांडते, तो नीट बघा.

समजा तुमच्या गाडीखाली येऊन तीस वर्षांचा एक माणूस गेला. महिन्याला तीस हजार कमावत होता, स्वतःचा छोटा व्यवसाय, घरी बायको, एक मूल आणि आई. प्रकरण क्लेम ट्रायब्युनलपुढे म्हणजे मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे जातं. तिथे भरपाई कुणाच्या मर्जीने ठरत नाही, सुप्रीम कोर्टाने २००९ आणि २०१७ च्या निकालांत पद्धत घालून दिलीय. वर्षाचं उत्पन्न ३,६०,०००. चाळिशीच्या आतला स्वतःचा व्यवसाय करणारा म्हणून पुढे कमाई वाढली असती त्याचे ४० टक्के मिळवायचे, झाले ५,०४,०००. अवलंबून असणारे तीन, म्हणून त्याचा स्वतःचा खर्च एक तृतीयांश वजा, राहिले ३,३६,०००. मग वयाप्रमाणे गुणक, २६ ते ३० वयाला १७. गुणाकार केला की ५७,१२,०००. वर अंत्यसंस्कार, सहवास गमावल्याचे वगैरे ठरावीक रकमा, आणि वर व्याज. माणूस जास्त कमावणारा असेल तर आकडा कोटीच्या पुढे सहज जातो.

हा आकडा कागदावर लिहून मिस्टरांसमोर ठेवा आणि विचारा की विमा नसेल तर हे कोण भरणार. उत्तर आहे, गाडीचा मालक, स्वतःच्या खिशातून. आणि नाही भरले तर कलम १७४ प्रमाणे ट्रायब्युनल जिल्हाधिकाऱ्यांकडे वसुलीचं सर्टिफिकेट पाठवू शकतं, मग जमीन महसुलाची थकबाकी वसूल करतात तशी वसुली होते. राहतं घर, शेत, खात्यातली ठेव, सगळं त्यात ओढलं जाऊ शकतं. आणि पॉलिसी चालू असेल, अटी पाळलेल्या असतील, तर हेच सगळे पैसे कंपनी भरते. मृत्यू आणि शारीरिक इजा यांच्या बाबतीत प्रायव्हेट कारच्या थर्ड पार्टी पॉलिसीला वरची मर्यादाच नाही, ट्रायब्युनल जेवढी ठरवेल तेवढी रक्कम. ज्या कागदाला तुम्ही घरात नुसता कागद म्हणताय त्याच्यावर ही एवढी मोठी हमी लिहिलेली आहे.

आणि याचा हप्ता किती? हा भाग कंपनी ठरवत नाही, केंद्र सरकारचं रस्ते वाहतूक मंत्रालय ठरवतं, म्हणून कुठल्याही कंपनीत सारखाच. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांत प्रायव्हेट कार १,००० सीसीपर्यंत २,०९४ रुपये, १,००० ते १,५०० सीसी ३,४१६ रुपये आणि त्याच्या वर ७,८९७ रुपये, वर जीएसटी. तुमची ११९७ सीसी मधल्या गटात बसते, म्हणजे त्या दराने टॅक्स धरून चार हजारांच्या थोडं पुढे. कुणी तुम्हाला "थर्ड पार्टी अर्ध्या किमतीत काढून देतो" म्हणाला तर तिथेच थांबा. ठरलेल्या दराच्या निम्म्यात पॉलिसी येऊच शकत नाही, तो कागद खोटा असण्याचीच शक्यता जास्त. पॉलिसी हातात आल्यावर गाडीचा नंबर टाकून एमपरिवहन ॲपवर बघा, विम्याची तारीख तिथे दिसते. लगेच नाही दिसली तर दोनचार दिवसांनी पुन्हा बघा, तरीही नाही दिसली तर थेट कंपनीच्या ऑफिसला पॉलिसी नंबर सांगून विचारा, एजंटला नको.

"गाडी रोज निघत नाही" हे कारण मला फार वेळा ऐकायला मिळालंय. एक फाइल अजून डोळ्यासमोर आहे. पॉलिसी संपून पाचसहा दिवस झाले होते, गाडी घरीच होती, मग एका सकाळी कुणाला तरी दवाखान्यात न्यायचं म्हणून काढली आणि वाटेत एका बाइकला धडक बसली. घरच्यांनी घाबरून त्याच दुपारी ऑनलाइन पॉलिसी काढली. पॉलिसीच्या पहिल्या पानावर तारीख तर अपघाताचीच होती, पण शेजारी वेळही छापलेली होती, दुपारची. अपघात सकाळचा. कंपनीने एक रुपया दिला नाही आणि कोर्टानेही कंपनीलाच बरोबर ठरवलं, कारण वेळ लिहिलेली असेल तर विमा त्या वेळेपासूनच सुरू होतो, आणि विमा कायद्याच्या कलम ६४ व्हीबी प्रमाणे हप्ता आधी आणि जोखीम नंतर. तुम्ही पॉलिसीचं ते पहिलं पान, ज्याला शेड्यूल म्हणतात, ते काढून बघा, त्यावर "पासून" पुढे तारीख आणि तास दोन्ही असतील. रिन्यूअल जुनी संपायच्या आत केलं तर नवी पॉलिसी जुनी संपली की लगेच लागते, मध्ये फट राहत नाही. म्हणून म्हणते, आठवडाभर आधीच उरकून टाका.

आता दिरांच्या नावाचा प्रश्न, आणि खरं सांगायचं तर तुमच्या पत्रातली मला सगळ्यात जास्त काळजी वाटलेली गोष्ट हीच आहे, जी तुम्ही सहज जाता जाता लिहिलीत. गाडी विकली की थर्ड पार्टीचा भाग नवीन मालकाकडे गेला असंच कायदा धरतो (कलम १५७), त्यामुळे उद्या कुणी बाहेरचा जखमी झाला तर "पॉलिसी दुसऱ्याच्या नावावर आहे" म्हणून त्याला हात हलवत परत पाठवता येत नाही. पण नवीन मालकाने चौदा दिवसांत कंपनीला अर्ज करून नाव बदलून घ्यायचं असतं, ते तुमचं राहून गेलंय. आणि आरसीचं तर त्याहून महत्त्वाचं. विकणाऱ्याने चौदा दिवसांत आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत आरटीओला कळवायचं असतं, फॉर्म २९ आणि फॉर्म ३०. सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये स्पष्ट सांगितलंय की आरसीवर ज्याचं नाव तोच कायद्याच्या नजरेत मालक, गाडी प्रत्यक्षात कुणालाही विकलेली असो. म्हणजे उद्या तुमच्या हातून काही झालं तर नोटीस मोठ्या दिरांच्या घरी जाणार. घरातल्या घरात व्यवहार झाला की सगळे "करू सावकाश" म्हणतात, विश्वास असतो म्हणून, पण ज्या माणसाने विश्वासाने गाडी दिली त्यालाच कोर्टात उभं राहायला लागू नये एवढं तरी आपण बघायला हवं ना. भाऊजींना आजच फोन करा.

इथे एक अडचण येईल ती आधीच सांगते. आरटीओत नाव बदलायला चालू विमा दाखवावा लागतो, आणि विमा तर महिन्यात संपतोय. म्हणून क्रम असा ठेवा की ट्रान्सफरचा अर्ज लगेच टाका, आणि आरसी तुमच्या नावावर व्हायच्या आधीच पॉलिसी संपायला आली तर कंपनीला सगळं खरं सांगून जुन्या नावावर रिन्यू करून ठेवा, मग आरसी आली की पॉलिसीवर नाव बदलून घ्या, त्याला एंडोर्समेंट म्हणतात, किरकोळ फी असते. फट मात्र पडू देऊ नका.

सासूबाईंचा प्रश्न तुम्ही विचारलात हे फार बरं केलंत, कारण बहुतेक लोक विचारतच नाहीत आणि गृहीत धरतात. प्रायव्हेट कारच्या नुसत्या थर्ड पार्टी पॉलिसीत, जिला "ॲक्ट ओन्ली" किंवा "लायबिलिटी ओन्ली" म्हणतात, गाडीत बसलेल्या घरच्या माणसांना कव्हर आहे असं धरून चालू नका. सुप्रीम कोर्टाचे निकाल असे आहेत की ॲक्ट पॉलिसीत कारमधल्या प्रवाशांची जबाबदारी कंपनीवर येत नाही, पॅकेज म्हणजे फुल पॉलिसीत येते. सासूबाई रस्त्याने चालत असताना दुसऱ्याच्या गाडीने धडक दिली तर त्या त्याच्या पॉलिसीत थर्ड पार्टी, पण तुमच्याच गाडीत मागच्या सीटवर बसलेल्या असताना तुमच्या चुकीने काही झालं तर तुमची ॲक्ट पॉलिसी त्यांच्या कामाला येईलच असं नाही. त्यासाठी वेगळं घ्यावं लागतं, प्रवाशांचा पर्सनल ॲक्सिडेंट कव्हर, माणशी ठरावीक रकमेपर्यंत. रिन्यू करताना "पॅसेंजर पीए कव्हर जोडा" एवढं म्हणा, हप्त्यात फार फरक पडत नाही. वयस्कर माणूस रोज सोबत असताना मी तरी हे वगळणार नाही. पगारी ड्रायव्हर ठेवला असेल तर त्याच्यासाठीही वेगळा छोटा कव्हर असतो, तोही मागून घ्या.

आणि चालवणारी तुम्ही स्वतः? तुम्हीही थर्ड पार्टी नाही. मालकासाठी म्हणून १५ लाखांचा सक्तीचा पर्सनल ॲक्सिडेंट कव्हर असतो, "ओनर ड्रायव्हर पीए" असं लिहिलेलं असतं, पण तो मिळायला आरसी आणि पॉलिसी दोन्ही त्या माणसाच्या नावावर आणि लायसन्स चालू हवं. आत्ताच्या परिस्थितीत तो कव्हर भाऊजींच्या नावाचा आहे, गाडी मात्र तुम्ही चालवताय, म्हणजे तुम्हाला काही झालं तर तो तुमच्या उपयोगाचा नाही. नावं बदलून घ्यायचं हे अजून एक कारण. मिस्टर तुमच्या नावावरची गाडी चालवत असतील तर त्यांनाही हा कव्हर लागू होत नाही, त्यांचा स्वतःचा अपघात विमा वेगळा असलेला बरा.

अटींबद्दल थोडंच सांगते पण ते महत्त्वाचं आहे. चालवणाऱ्याकडे चालू लायसन्स नाही, दारू पिऊन चालवली, प्रायव्हेट गाडी भाड्याने प्रवासी न्यायला वापरली, असं काही असेल तर कंपनी हात झटकू शकते. अशा वेळी कोर्ट बऱ्याचदा कंपनीला सांगतं की जखमीला आधी पैसे द्या आणि मग मालकाकडून वसूल करा. म्हणजे त्या बिचाऱ्या कुटुंबाला पैसे मिळतात, पण कंपनी नंतर तुमच्या दारात येते. भाच्याला, पुतण्याला "एक चक्कर मारून ये" म्हणून चावी देताना हे आठवा. आणि तुमच्या दोघांच्या लायसन्सवरची तारीख आज एकदा उघडून बघा, कितीतरी जणांचं संपून वर्ष झालेलं असतं आणि पत्ताच नसतो.

आता समोरच्यांचे सात हजार. वस्तूंच्या नुकसानीसाठी तुमच्या पॉलिसीत बहुधा साडेसात लाखांपर्यंत कव्हर असेल, पण शेड्यूलवर "टीपीपीडी" (म्हणजे तिसऱ्याच्या वस्तूंच्या नुकसानीचा भाग) असं लिहिलेलं शोधा, कारण हप्त्यात थोडी सूट मिळते म्हणून काही जण ती मर्यादा फक्त ६,००० रुपयांवर आणून ठेवतात, आणि भाऊजींनी तसं केलं असेल तर तुम्हाला माहीतही नसणार. रिन्यू करताना ती सूट घेऊ नका, हल्लीच्या गाड्यांचा एक हेडलाइट बदलला तरी सहा हजार पुरत नाहीत. कव्हर असला तरी समोरच्यांना तो दावा ट्रायब्युनलमध्ये करावा लागतो, पोलिसांत नोंद लागते, वेळ जातो, म्हणून हेडलाइट आणि पोच्यासारख्या गोष्टीसाठी कुणी त्या वाटेला जात नाही, आपसात मिटवतात. तुम्हीही तेच करा असं मी म्हणेन, चूक तुमची होती आणि त्यांची गाडी उभी होती. पण तोंडी सात हजार देऊ नका. त्यांना गॅरेजचं लेखी एस्टिमेट मागा, हेडलाइटची किंमत वेगळी आणि पोचा काढून रंग मारायचे वेगळे लिहिलेलं, गाडीचे फोटो काढून ठेवा, पैसे ऑनलाइन द्या आणि दोन ओळी लिहून घ्या की या घटनेची पूर्ण भरपाई मिळाली, आता काही मागणी नाही, खाली तारीख आणि सही. फुल इन्शुरन्स असेल तर ते स्वतःच्या पॉलिसीतूनही दुरुस्ती करून घेऊ शकतात आणि तुमच्याकडे फक्त वरचा फरक मागू शकतात, तेही विचारून बघा. मात्र एक गोष्ट, पॉलिसीच्या अटींत लिहिलेलं असतं की कंपनीच्या लेखी परवानगीशिवाय चूक कबूल करायची नाही किंवा पैसे कबूल करायचे नाहीत. म्हणजे खिशातून मिटवलंत तर ते पैसे नंतर कंपनीकडे मागता येणार नाहीत हे धरूनच मिटवा. आणि कुणाला जरासुद्धा शारीरिक लागलं असेल तर असं आपसात कधीही मिटवायचं नाही, कितीही छोटं वाटलं तरी.

फुल इन्शुरन्स घ्यावा का, याला मी सरळ हो म्हणत नाही. तुमच्या बंपरचंच उदाहरण घ्या. समजा बंपर चार हजारांचा. फुल पॉलिसी असती तरी प्लॅस्टिकच्या पार्टवर ५० टक्के घसारा कापतात, राहिले दोन हजार. त्यातून १,५०० सीसीपर्यंतच्या गाडीला सक्तीची वजावट, म्हणजे दर क्लेमला आपण स्वतः सोसायचा भाग, १,००० रुपये. हातात आले हजार, रंगमजुरीचं थोडं वर, आणि क्लेम घेतला म्हणून पुढच्या वर्षीचा नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न घेतल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, गेला. झीरो डेप नावाची जोड घेतली तर हा घसारा कापत नाहीत, पण अकरा वर्षांच्या गाडीला ती सहसा कुणी देत नाही. म्हणजे असल्या छोट्या कामांसाठी फुलचा फारसा उपयोग नाही. तो उपयोगी पडतो गाडी चोरीला गेली, पाण्यात गेली किंवा मोठा अपघात होऊन पार गेली तेव्हा, आणि तेव्हाही मिळते ती आयडीव्ही, म्हणजे पॉलिसीवर धरलेली गाडीची आजची किंमत. तर स्वतःला एकच विचारा, उद्या ही गाडी पूर्ण गेली तर तेवढ्या रकमेचा फटका आपल्याला सोसेल का. सोसणार असेल तर थर्ड पार्टी, वर ओनर ड्रायव्हर आणि पॅसेंजर पीए, बस झालं. सोसणार नसेल, गाडीवरच घरचं काम चालत असेल, गाडी उघड्यावर उभी राहत असेल किंवा पावसाळ्यात पाणी भरतं अशा जागी असेल, तर फुलचं कोटेशन घ्या. सासूबाईंचा मुद्दाही फुलच्या बाजूने जातो हे लक्षात घ्या, कारण त्यात प्रवाशांची जबाबदारी येते. दोन्हीची कोटेशनं शेजारी ठेवून वरचा फरक किती ते बघा आणि मग ठरवा, एजंट फोनवर काय म्हणतो त्यावर नको. थर्ड पार्टी वर्षानुवर्षं ठेवल्यावर पुन्हा फुल घ्यायची तर कंपनी आधी गाडीची तपासणी करते, फोटो काढते, म्हणून फाटका बंपर आधी बसवून घ्या.

नो क्लेम बोनसवरून आठवलं, थर्ड पार्टीच्या हप्त्यावर बोनस नसतोच. तुम्ही वीस वर्षं कुणाला धक्का लावला नाही तरी दर तोच. त्यामुळे "क्लेम केला तर बोनस जाईल" म्हणून थर्ड पार्टीची घटना कंपनीला न कळवणं यात काही अर्थ नाही, उलट न कळवल्यानेच अडचण होते.

आणि देव न करो, पण कुणी जखमी झालं तर काय करायचं तेही सांगून ठेवते. पळून जायचं नाही. गाडी थांबवून जखमीला दवाखान्यात पोचवायची व्यवस्था आधी, ते कायद्याने चालकाचं कर्तव्यच आहे. जमाव अंगावर येतोय अशी खरीच भीती असेल तर थेट पोलीस स्टेशन गाठा, पण गाठाच. चोवीस तासांच्या आत पोलिसांना कळवायचं आणि विमा कंपनीलाही पॉलिसी नंबर, तारीख, वेळ, जागा, जखमींची आणि चालवणाऱ्याची नावं कळवायची. पोलिसांनी पहिला अहवाल ४८ तासांत ट्रायब्युनलला आणि कंपनीला द्यायचा असा नियम १ एप्रिल २०२२ पासून आहे, त्यामुळे कंपनीला तुमच्याकडून आधी कळलेलं चांगलं. नंतर कोर्टाची नोटीस आली तर ती ड्रॉवरमध्ये ठेवायची नाही, त्याच दिवशी कंपनीला पाठवायची, आरसी, लायसन्स, पॉलिसीच्या प्रतींसकट. वकील कंपनी देते. मी अशा फायली बघितल्यात जिथे पॉलिसी चालू होती, लायसन्स होतं, सगळं होतं, पण मालक नोटिशीला उत्तरच देत नाही म्हणून लायसन्सची प्रत शेवटपर्यंत कोर्टात आलीच नाही आणि वसुली मालकावर लागली.

समोरच्या कुटुंबाच्या बाजूनेही एक माहिती असू द्या, कधी ओळखीच्या कुणाला उपयोगी पडेल. अपघातात कुणाची चूक होती हे सिद्ध न करताही मृत्यूसाठी ५ लाख आणि गंभीर इजेसाठी अडीच लाख मागता येतात, कलम १६४. धडक देऊन गाडी पळून गेली, नंबरच मिळाला नाही, तर हिट अँड रनच्या योजनेत मृत्यूला २ लाख आणि गंभीर इजेला ५०,००० मिळतात. आणि चूक सिद्ध करून पूर्ण भरपाई मागायची तर अर्ज सहा महिन्यांच्या आत करायचा असं नव्या तरतुदीत म्हटलंय, म्हणून दुःखातून सावरेपर्यंत थांबू असं म्हणणाऱ्यांना हळूच सांगा की निदान वकिलाला भेटून या.

तर ताई, आज भाऊजींना फोन, फॉर्म २९ आणि ३० वर दोघांच्या सह्या, शेड्यूलवर टीपीपीडीचा आकडा आणि संपायची तारीख बघणं, आणि समोरच्यांकडे एस्टिमेट मागणं, एवढं या आठवड्यात करा. टीपीपीडीपुढे ६,००० दिसलं तर मला परत लिहा, कंपनीकडे ते वाढवून मागायचा अर्ज कसा करायचा ते सांगते.